ठिपका वर ठेवायचा

थांबा मित्रांनो, हात लावू नका! आधी बघा, माझी पिन भिंतीत आहे का? नाही ना? परत एकदा बघा. बरं, आता बसा. पण पायातल्या चपला पायातच असू द्या.

हसताय होय? हसा. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. बारामतीत मला सगळे 'अप्पाची पेटी' म्हणायचे. पत्र्याचा डबा, पुढं दोन गोल बटणं, पाठीला जाळी आणि जाळीच्या आत काचेचे चार व्हॉल्व्ह. तापले की ते चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. माईकपुढं कुणी नुसतं खाकरलं तरी मी ते खाकरणं कऱ्हा नदीच्या पलीकडं पोचवायचो. एवढा मोठा आवाज माझा, आणि माझ्याइतका भित्रा डबा तुम्हाला शोधून सापडायचा नाही. भीती कशाची, ते सांगतो. त्यात माझाबी खोडसाळपणा आहे. तो लपवणार नाही.

माझा जन्म पुण्यातला. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेलं सामान होतं, त्यातला पत्रा, त्यातल्या तारा. माझ्या पोटात एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर होता. तो काय करतो, हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. भिंतीतली वीज तारेच्या एका गुंडाळीत येते आणि तिथंच अडते. शेजारची दुसरी गुंडाळी तिला न शिवता तिचा नुसता जोर घेते आणि मला देते. म्हणजे भिंतीतली वीज माझ्या पत्र्यापर्यंत कधीच यायची नाही. ट्रान्सफॉर्मर दाराशी बसलेल्या राखणदारासारखा होता. मला त्याचं फक्त ओझं वाटायचं.

अप्पानं मला जुन्या बाजारातून उचललं आणि दौंडावरून छोट्या आगगाडीनं बारामतीत आणलं. अप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मोडका ॲम्प्लिफायर घ्यायचा, दुसऱ्या मोडक्यातलं काहीबाही त्यात घालायचं, आणि गिऱ्हाईकाला म्हणायचं, "असा पीस पुण्यातबी न्हाय." बोलणं असं गोड की गिऱ्हाईक स्वतःच पेटी उचलून डोक्यावर घ्यायचं. आणि थट्टेखोर! दिवसाकाठी एकाची तरी फजिती केल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. मला तो फार आवडायचा. दुकानात कुणी पुढारी भाषणाची तालीम करायला आला की मी ऐन वाक्यात कुईंऽऽ करून शिट्टी मारायचो. पुढारी दचकायचा. अप्पा मला टाळी द्यावी तशी पत्र्यावर थाप मारायचा.

एका लग्नात व्होल्टेज भडकलं आणि माझ्या पोटातून धूर आला. राखणदार जळला.

दुकानात परत आलो तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती कळली. समोरच्या फळीवर माझ्यासारखे दोन डबे होते. एकाचे व्हॉल्व्ह काढलेले, दुसऱ्याचं नुसतं टरफल उरलेलं. अप्पा कधी माझ्याकडं बघायचा, कधी पक्कडीकडं. मी मनात म्हणायचो, अप्पा, मला सोडवू नकोस, सुटं करू नकोस, काय वाट्टेल ते कर.

त्यानं काय वाट्टेल तेच केलं. नवा ट्रान्सफॉर्मर पुण्याहून मागवायला लागला असता. अप्पानं जळका काढून फेकला, व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक असे जोडले आणि भिंतीतली एक तार सरळ माझ्या पत्र्याला आणून चिकटवली. मी चालू झालो! पहिल्यापेक्षा निम्मा हलका. अप्पा खूश. जो येईल त्याला एका हातानं मला उचलून दाखवायचा. "बघा, पोरगं घेतल्यागत घ्या कडंवर!"

आता माझी पिन दोन पायांची होती. ती भिंतीत दोन्ही बाजूंनी बसायची, आणि भिंतीतल्या दोन भोकांपैकी मारणारी वीज एकातच असते. एका बाजूनं लावली तर माझा पत्रा थंड असायचा, हात लावा, टेका, काही होत नव्हतं. पालथी करून लावली तर भिंतीतली सगळी वीज माझ्या अंगावर उभी राहायची. अप्पाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं पिनेच्या एका बाजूला लाल लाखेचा एक ठिपका दिला. ठिपका वर असला की सुलटी. खाली असला की उलटी.

आणि फजिती करायची असली की अप्पा ती मुद्दाम उलटी लावायचा.

शेजारी गेणबाचं चहाचं दुकान होतं. साधा माणूस, अनवाणी, पाय सदा ओले. एका दुपारी तो चहा घेऊन आला. दुकानात चार माणसं बसलेली. अप्पा साळसूदपणे म्हणाला, "गेणबा, जरा बघ रं, पेटी लई गरम झालीया का?"

गेणबानं बोटाचं टोक लावलं. नुसतं टोक! "आय आय गं!" करून तो असा उडाला की किटली एकीकडं आणि कप दुसरीकडं. चौघं पोट धरून हसले. मीसुद्धा हसलो बरं का. माझ्या अंगात एवढी ताकद आहे, याची मला गंमत वाटली.

त्या दिवसापासून अख्ख्या पेठेत गेणबाला एकच प्रश्न, "काय गेणबा, पेटी गरम हाय का?" तो बिचारा मग चहा उंबऱ्यावरच ठेवायचा. अप्पा बोलवायचा, "ये की आत."

"न्हाय बा. आज ती भुंग्यागत घुमतीया."

"म्हंजी?"

"म्हंजी परवा मला हाणलं तवा अशीच घुमत हुती. एरवी मांजरागत घुरघुरती. म्या कान देऊन ऐकतो तिला."

परत हसणं. पण मित्रांनो, गेणबाचं खरं होतं! पिन उलटी असली की माझ्या घुमण्याची घुंग बदलायची. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अप्पाला ते कधी कळलं नाही. घाबरलेल्या गेणबाला कळलं.

मग एक दिवस इंदापूरचा रामहरी आला. फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. छातीचं दुखणं झालं आणि डॉक्टरनं फुंकायचं कायमचं बंद केलं. छावणीत एका गोव्याच्या बँडवाल्याकडून तो दुसरंच वाद्य शिकला होता. गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि लोखंडी कांडी तारांवरून घासत न्यायची. गळ्यातून आवाज निघावा तशी ती गाणारी गिटार. पण तिचा जीव केवढा? ढोलकीवर एक थाप पडली की गिटार बुडाली.

"अप्पा, हिच्यात वीज घालून द्या," रामहरी म्हणाला. "मला फुंकता येत न्हाय. वाजवायला आता ही एवढीच हाय."

अप्पाचे डोळे चमकले. असलं काम बारामतीत कुणी केलं नव्हतं. त्यानं लष्करी हेडफोन फोडून आतली चुंबकं आणि गुंडाळ्या काढल्या आणि तारांखाली बसवल्या. वायर माझ्यात खुपसली. रामहरीनं कांडी फिरवली मात्र, रस्त्यावरची बैलगाडी थांबली! मी आजवर भाषणं ओकली, नवरदेवाच्या मामांचे सत्कार ओकले. असं गाणं माझ्यातून पहिल्यांदा गेलं. माझे व्हॉल्व्ह थरथरले.

फक्त एक खोट होती, तारांमधून बारीक घुंग यायची. अप्पानं गिटारीच्या तारांच्या बुडातून एक पातळ वायर काढली आणि माझ्या पत्र्याला जोडली. घुंग गेली.

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. आता माझा पत्रा आणि रामहरीच्या बोटाखालची तार, दोन्ही एकच झाली होती.

रामहरीनं मला विकत घ्यायचं ठरवलं. बदल्यात त्यानं अप्पापुढं आपलं क्लॅरिनेट ठेवलं, कापडात गुंडाळलेलं. परत उघडून बघितलंबी नाही. त्याची बायको सरुबाई संगं आली होती. ती माझ्याकडं जरा लांबूनच बघत होती.

"अप्पा, शॉक तर न्हाय ना मारत ही? मघाशी भायेर कुनी तरी बोलत हुतं."

उंबऱ्यावर गेणबा होता. तो पुढं सरकला, "वैनी, तिचं असं हाय बगा..."

"गेणबा!" अप्पानं त्याला मध्येच तोडलं. "पेटी गरम हाय का रं?"

सगळे हसले. रामहरीसुद्धा हसला, त्याला काही ठाऊक नसताना. गेणबा मान खाली घालून कप उचलून गेला. सरुबाईलाही वाटलं, चेष्टेतला माणूस दिसतोय.

निघताना अप्पानं रामहरीला पिन दाखवली. "ह्यो ठिपका हाय न्हवं का, त्यो कायम वर ठेवायचा."

"का बरं?"

मी ऐकत होतो. आता सांग अप्पा. एवढं एकच खरं सांग. अप्पानं क्लॅरिनेटकडं बघितलं. खरं सांगावं तर व्यवहार मोडणार. मग तो हसला, तेच त्याचं गोड हसू.

"आवाज गोड येतो."

त्या वेळी मला त्या उत्तराची गुदगुली झाली होती. काय थाप मारली गड्यानं! मित्रांनो, ती गुदगुली मला आजही टोचते.

इंदापुरात वीज येऊन थोडेच दिवस झाले होते. हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात रामहरीचा पहिला कार्यक्रम ठरला. अप्पा एस.टी.नं मुद्दाम आला. गेणबानंही आपला स्टोव्ह आणि किटली आणली होती, जत्रेत चहा खपतो म्हणून. तो देवळाच्या दाराबाहेर बसला. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढून खांबावर एक लाकडी बोर्ड टांगला होता. माझा आवाज बाहेर फेकणारा कर्णा पिंपळावर बांधला.

सकाळी देवाचा जन्म झाला. सुंठवडा वाटून झाला. फरशी पहाटेच धुतलेली, सावलीत अजून ओलसर. देऊळ म्हटल्यावर सगळ्यांच्या चपला बाहेर. रामहरीच्याबी. घरी वाजवताना त्याच्या पायात टायरच्या चपला असायच्या, जाड, ट्रकच्या टायरच्या. आज तो अनवाणी सतरंजीवर मांडी घालून बसला. माझी नजर त्या उघड्या तळव्यांवरून हलेना. पण म्हटलं, ठिपका आहे ना. ठिपका वर असला की झालं.

तेवढ्यात सरुबाई तबक घेऊन आली. नवी वस्तू देवाच्या दारात पहिल्यांदा वाजणार, पूजा नको का? तिनं मला हळद-कुंकू लावलं. गिटारीला लावलं. माईक नव्हता तर कर्ण्याच्या वायरीला लावलं. मग तिला माझी पिन दिसली. बिचारीनं पिनेला एका बाजूला कुंकवाचं बोट लावलं, आणि पालथी करून दुसऱ्या बाजूलाही लावलं.

नको! वैनी, नको! मी ओरडलो. पण मला आवाजच नव्हता. पिन अजून बाहेर होती, आणि असती भिंतीत तरी काय? शिट्टी मारायलाबी मला माईक लागतो; माझ्यात कुणीतरी आवाज घालावा लागतो, तेव्हा मी बोलतो. माझा स्वतःचा असा शब्दसुद्धा नाही. गावाला ऐकू जाईल एवढा गळा दिलाय देवानं, आणि एका बाईला 'थांब' म्हणता येत नाही.

मग नारळ फुटला. पाणी फरशीवरून वाहत रामहरीच्या सतरंजीत मुरलं.

रामहरीनं पिन हातात घेतली. उलटून बघितली. इकडंबी लाल, तिकडंबी लाल. लाख कुठली आणि कुंकू कुठलं? तो हसून पुटपुटला, "आवाज थोडा कमी गोड आला तर काय बिघडतंय?" आणि खोचली.

उलटी.

वीज माझ्या सगळ्या अंगावर आली. तिथून पातळ वायरीतून गिटारीच्या तारांवर जाऊन बसली आणि वाट बघायला लागली. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो. तेवढाच वेळ माझ्या हातात होता, आणि मला हातच नाहीत. मी मनात म्हणत होतो, फुटा रे व्हॉल्व्हांनो, वितळ रे तारे, जळून जाऊ दे मला! अप्पाच्या फळीवरचं टरफल झालो तरी चालेल! काही झालं नाही. अप्पानं जोडणी चांगली भक्कम केली होती.

पिंपळावरचा कर्णा घुमायला लागला. भुंग्यासारखा.

दाराबाहेर गेणबाच्या हातातला कप थांबला. त्यानं मान वर केली. तिथूनच ओरडला, "अप्पा! भुंगा! अप्पा, भुंगा हाय!"

अप्पा लोकांत पुढं बसला होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय गेणबा, पेटी गरम हाय का?" बारामतीहून आलेले दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मग न कळताच बाकीचे पण हसले. गेणबा खाली बसला. मला तो दारातून दिसत होता. हसण्याला भिऊन बसलेला माणूस.

रामहरीनं कांडी तारांवर टेकवली.

कर्ण्यातून आवाज निघाला, उंच, थरथरता, न थांबणारा. कांडी तारांवर थडथड थडथड आपटत होती. रामहरीची मूठ तिच्यावर आवळली होती आणि सुटत नव्हती. जबडा मिटलेला, मान ताठ, डोळे उघडे. एक म्हातारा म्हणाला, "वा, वा! काय कापरा सूर काढलाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच टाळ्या वाजवल्या हो! रामहरीचा जीव माझ्यातून कर्ण्यात चालला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी त्यांना तो सूर ऐकवत होतो. मीच.

अप्पाचं हसू ओठावरच वाळलं. त्याला कळलं. तो उठला, पण पाय उचलेना. त्याचेही पाय अनवाणी, त्याच ओल्या फरशीवर. रामहरीला शिवलं तर आपणही चिकटणार, हे तिथं त्याच्या एकट्याला ठाऊक होतं. सरुबाई मात्र नवऱ्याकडं धावत निघाली होती.

"वैनी, शिवू नका!" एवढं अप्पाच्या तोंडून फुटलं.

आणि दारातून गेणबा आला. पायात टायरच्या चपला. उन्हात तापलेल्या वाटेवर बसायचं म्हणून घातलेल्या.

"ए! चपला! चपला काढ!"

"देवळात चपला घालून येतोस व्हय रं?"

कुणी त्याचा सदरा धरला, तो फाटला. कुणी पाठीत गुद्दा घातला. गेणबा थांबला नाही. खांबापाशी गेला, किटली धरायचं कोरडं फडकं वायरीभोवती गुंडाळलं आणि हिसका दिला. पिन बोर्डातून उपटून निघाली.

सूर तुटला. रामहरी आडवा पडला. कांडी फरशीवर वाजत वाजत गेली, आणि मग देवळात कसलाच आवाज नव्हता.

सरुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "अवं... अवं, बघा की माझ्याकडं." तळपाय चोळले, छाती चोळली. माझे व्हॉल्व्ह हळूहळू काळे पडत होते. पुरा विझायच्या आत मला एवढंच ऐकायचं होतं, तो श्वास घेतोय का. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग छाती हलली. एक खोकला आला, त्याचा तो जुना दुखरा खोकला. असलं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

डाव्या हाताची दोन बोटं भाजून काळी झाली होती. रामहरीनं डोळे फिरवले. अप्पा दिसला. रामहरी कसनुसा हसला आणि म्हणाला,

"अप्पा, ठिपका कुटला ते समजंना बगा. चूक माझीच. आवाज... गोड आला का?"

अप्पा तिथंच फरशीवर बसला.

"त्यो ठिपका आवाजाचा न्हवता," तो म्हणाला. "खोटं बोललो मी. सरुवैनी, गेणबा खरं सांगत हुता. मला ठावं हुतं. समदं ठावं हुतं."

सरुबाईनं वर बघितलं. तिच्या बोटाला अजून कुंकू होतं. अप्पाला त्या बोटाकडं बघवेना. त्यानं खिशातली पक्कड काढली आणि सगळ्या गावासमोर माझी पिन कापली.

पुढं अप्पानं मला परत दुकानात नेऊन नवा ट्रान्सफॉर्मर घातला. मी परत जड झालो, आणि त्या जडपणानं मला निवांत वाटलं. पत्र्यावर चुकून वीज आलीच तर ती मातीत जावी म्हणून दुकानामागं जमिनीत तांब्याची पट्टी पुरून तिची तार माझ्या पत्र्याला जोडली. रामहरीचं क्लॅरिनेट अप्पानं स्वतः इंदापूरला नेऊन दिलं. रामहरीनं चार महिन्यांनी दुकानात येऊन उरलेल्या बोटांत कांडी धरली. पूर्वीसारखी सफाई आली नाही. पण वाजवलं त्यानं, आणि वाजवायच्या आधी प्रत्येक वेळी सरुबाई पुढं येऊन पिन आपल्या डोळ्यांनी बघायची.

आणि अप्पाची एक नवी रीत झाली. कुठलीही पेटी विकण्याआधी तो ओलं पोतं अंथरायचा, त्यावर अनवाणी उभा राहायचा आणि गिऱ्हाईकासमोर पहिला हात स्वतः लावायचा. हात लावताना त्याचे डोळे मिटलेले असायचे.

एके दिवशी गेणबा उंबऱ्यावर कप ठेवून उभा राहिला. अप्पा म्हणाला, "गेणबा, आत ये. कान दे आन् सांग."

गेणबानं बराच वेळ ऐकलं. "मांजर हाय," तो म्हणाला. मग आत आला आणि सगळा तळहात माझ्या पाठीवर ठेवला. मी हळू घुरघुरत राहिलो. पेठेत कुणी हसलं नाही.

आता माझे व्हॉल्व्ह कुठं मिळत नाहीत. मी माळ्यावर आहे, उंदरांनी वायर कुरतडली आहे. वाईट वाटत नाही. फक्त कुणी खाली उतरवून मला भिंतीत खोचलं तर, या विचारानं पत्रा गार पडतो. मित्रांनो, जुनं यंत्र सापडलं तर नुसतं चालू करून बघू नका, जाणत्याला दाखवा. अंगाला झिणझिण्या आल्या तर ती गंमत समजू नका. आणि तुमच्यात एखादा भित्रा असेल, कुणीच ऐकत नाही ते ऐकणारा, तर तो ओरडला की हसायच्या आधी वायर काढा.

झालं. आता हवं तर लावा हात. पण पिन परत एकदा बघा.